देणगी घ्या, मिंधे होऊ नका

जानेवारी संपत आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून पावतीपुस्तके छापायला जातात. पन्नास-शंभराच्या पावत्या फाडत कार्यकर्ते घरोघर फिरतात आणि १४ एप्रिलची जयंती दणक्यात साजरी होते. घरकाम करणारी बाई, सफाई कामगार, रिक्षावाला, शिपाई आणि साहेब, सगळे आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देतात. ही वर्गणी आपल्या चळवळीची खरी ताकद आहे. पण त्याच वस्तीतील बुद्धविहाराच्या माडीवर जी अभ्यासिका चालते तिचे वीजबिल तीन-तीन महिने थकलेले असते. स्पर्धा परीक्षेची पुस्तके पाच वर्षांपूर्वीची असतात. मुलींसाठी वसतिगृह काढायचे असे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते.

मग विहाराच्या बैठकीत कुणीतरी म्हणतो, "टाटा ट्रस्टकडे अर्ज करू या की!" लगेच दुसरा उसळतो, "भांडवलदारांचा पैसा? बाबासाहेबांचे नाव लावायचे आणि शेठजींपुढे हात पसरायचे?" तिसरा म्हणतो, "अहो, तिथे आपल्याला कोण विचारतो? ओळख लागते." वाद होतो, चहा होतो, बैठक संपते. अभ्यासिकेचे बिल थकलेलेच राहते.

या तिन्ही कार्यकर्त्यांचे म्हणणे नीट तपासले पाहिजे. कारण प्रश्न केवळ चार पैशांचा नाही. मदत कुणाकडून घ्यावी, कोणत्या अटींवर घ्यावी आणि ती घेताना आपला कणा ताठ कसा ठेवावा, हा चळवळीच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे.

पैसा नेमका कुणाचा?

टाटांचेच उदाहरण घेऊ. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जे. एन. टाटा एन्डॉवमेंट सुरू केली. त्यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली वारले आणि १९१९ साली त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी १९३२ साली, मृत्यूपूर्वी, आपली संपत्ती ट्रस्टच्या स्वाधीन केली. या आणि घराण्यातील इतर ट्रस्टांकडे मिळून आज टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल आहे. कंपन्यांनी नफा कमवायचा, त्याचा लाभांश टाटा सन्सकडे यायचा आणि त्यातील मोठा वाटा ट्रस्टांकडे जायचा, अशी ही रचना आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि देवनारची समाजविज्ञान संस्था या पैशातूनच उभी राहिली. ही समाजविज्ञान संस्था १९३६ साली सर दोराबजींच्या नावाने समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झाली होती.

आपल्याशी संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. सम्राट अशोकाच्या पाटलीपुत्राचे उत्खनन १९१३च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या स्पूनर यांनी कुम्राहार येथे केले, तेव्हा त्याला पैसा सर रतन टाटांनी पुरवला होता. मौर्यकाळातील स्तंभांचे सभागृह त्या खोदकामात उजेडात आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून याच सर रतन टाटांनी देणगी दिली होती आणि आर. एच. टॉनी यांच्यासारखा समतावादी विचारवंत त्या कामाचा संचालक झाला. बाबासाहेब त्या संस्थेत १९१६ साली दाखल झाले ते त्यानंतर. पुढे केरळातील एका गरीब दलित कुटुंबातील मुलगा टाटांची शिष्यवृत्ती घेऊन १९४५ साली त्याच संस्थेत शिकायला गेला. १९९७ साली तो देशाचा राष्ट्रपती झाला. के. आर. नारायणन यांचे नाव आपल्या घरात कुणाला माहीत नाही?

म्हणजे टाटा दानशूर आणि आपण त्यांचे उपकृत, असे म्हणायचे आहे काय? अजिबात नाही. मुद्दा वेगळा आहे. धर्मादाय ट्रस्टमध्ये एकदा पैसा गेला की तो कायद्याने घराण्याचा राहत नाही. विश्वस्त त्याचे मालक नसतात, राखणदार असतात. महाराष्ट्रातील असा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. आयकरातून सूट हवी असेल तर त्याला आपल्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करावा लागतो. ही करमाफी कुणाच्या खिशातून जाते? सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून. शिवाय तो नफा गिरणीत, पोलाद कारखान्यात आणि चहाच्या मळ्यात घाम गाळणाऱ्यांनी निर्माण केलेला आहे. त्यात आपल्या बापजाद्यांचा घाम नाही काय?

म्हणून पहिल्यांदा डोक्यातून भीक हा शब्द काढून टाका. धर्मादाय ट्रस्टला काम करणाऱ्या संस्थांची जितकी गरज आहे तितकीच संस्थांना ट्रस्टची गरज आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे वस्ती आहे, माणसे आहेत, प्रश्नाची जाण आहे. हा बरोबरीचा व्यवहार आहे आणि तो बरोबरीच्या भाषेतच झाला पाहिजे.

बाबासाहेबांनी काय केले?

"बाबासाहेबांनी शेठजींचा पैसा घेतला नसता" असे म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचावा. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी असा तो करार होता. गुरुवर्य केळुसकरांनी त्यासाठी शब्द टाकला होता. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. बाबासाहेबांनी मदत नाकारली नाही. मदत घेऊन त्यांनी काम आपले केले.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. करार पाळण्यासाठी १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांची शिष्यवृत्ती खरी होती, पण तिने कचेरीतल्या शिपायाची आणि शहरातल्या घरमालकांची जात पुसली नाही. पैसा मिळाला म्हणजे माणुसकी मिळाली असे होत नाही, हा धडा बाबासाहेबांनी स्वतः भोगून घेतला.

आणि सर्वात मोठा धडा १९३२ सालचा आहे. पुणे करारानंतर गांधीजींच्या प्रेरणेने अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. अध्यक्ष उद्योगपती घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले. देणगीदारांविषयी आणि त्यांच्या कामाविषयी आपल्या चळवळीत लिहिला गेलेला तो पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे. दारिद्र्याचे कारण माणसाच्या वागणुकीत शोधायचे की त्याच्याभोवतीच्या परिस्थितीत, हा प्रश्न त्यांनी त्या पत्रात विचारला. दारूबंदी, शाळा, वाचनालये यांतून चार व्यक्ती सुधारतील, पण सगळा वर्ग वर यायचा असेल तर विहिरी, शाळा, चावडी यांवरील नागरी हक्कांसाठी लढावे लागेल आणि नोकरी-धंद्यात समान संधी मिळवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता हे लक्षात घ्या. काम करणारी माणसेही त्याच समाजातून घ्यावीत, कारण त्यांनाच त्या कामाविषयी आच असते, हेही त्यांनी सुचवले.

त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. बाबासाहेब त्या संस्थेतून बाहेर पडले. अस्पृश्यांच्या शिष्टमंडळाने संघाच्या कारभारात जागा मागितली तेव्हा गांधीजींनी काय सांगितले तेही बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंनी दिलेला आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच करायचा, असा त्या उत्तराचा आशय होता. ज्याच्या नावाने पैसा गोळा होतो त्यालाच त्या पैशाबाबत बोलण्याचा अधिकार नाही! आजही कुठल्याही ट्रस्टच्या दारात जाताना हे उत्तर आठवले पाहिजे. पैसा किती देता हा दुसरा प्रश्न. निर्णय कोण घेणार, हा पहिला.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव असाच बोलका आहे. सिअर्स रोबक या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांसाठी शाळा बांधायला मदत केली. १९१७ साली त्यांच्या नावाचा निधी स्थापन झाला. १९३२ पर्यंत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड सगळा पैसा देत नसत. काही वाटा सरकारी शिक्षण मंडळाने आणि काही स्थानिक समाजाने घालायचा, अशी अट होती. शेतमजुरांनी कापूस विकून, जमीन देऊन, अंगमेहनत करून आपला वाटा उभा केला आणि हिशेब मांडला तर तो रोझेनवाल्ड यांच्या देणगीहून थोडा जास्तच भरला. या शाळांनी पिढ्या घडवल्या हे खरे. पण हेही खरे की करही भरायचा, त्यातून गोऱ्यांच्या शाळा चालायच्या आणि आपल्या शाळेसाठी पुन्हा वर्गणी काढायची, असा दुहेरी भुर्दंड त्या समाजाला बसला. देणगी ही हक्काची जागा घेऊ लागली की असे होते.

आपल्याकडे तर हा धोका डोळ्यांसमोर आहे. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयना निवेदन दिले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ही शिष्यवृत्ती म्हणजे मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. ती वेळेवर मिळत नाही म्हणून आपला विद्यार्थी ट्रस्टच्या दारात उभा राहतो. त्याला जाऊ द्या, अडवू नका. पण समाजकल्याण खात्याच्या दारातला मोर्चा त्यासाठी मागे घेऊ नका. ट्रस्टची मदत ही हक्काच्या वर मिळणारी जोड आहे, हक्काचा बदला नव्हे.

दार कसे ठोठवावे?

आता तिसऱ्या कार्यकर्त्याचे म्हणणे पाहू. "ओळख लागते." ओळखीचा उपयोग होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्रस्टांच्या कचेऱ्यांत बसणारी माणसे ज्या महाविद्यालयांतून, ज्या जातीवर्गांतून येतात, त्यांच्या ओळखीच्या संस्थाही त्याच वर्तुळातल्या असतात. इंग्रजी सफाईदार लिहिणाऱ्याचा अर्ज वर जातो. हा अन्याय आहे. पण आपल्या बाजूच्या चुकाही कबूल केल्या पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहासाठी अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी चौदा पाने लिहिली. मनुस्मृतीपासून सुरुवात केली, धर्मांतरापर्यंत आलो, शेवटच्या पानावर वसतिगृह आले. उत्तर दोन ओळींचे आले: प्रस्ताव आमच्या कार्यक्षेत्रात बसत नाही. मी चिडलो, जातीयवादी म्हणून शिव्या घातल्या. पुढे कधीतरी तीच प्रत शांतपणे वाचली. मुली किती, त्या कुठल्या गावच्या, एका मुलीमागे महिन्याला खर्च किती, यातला एकही आकडा चौदा पानांत नव्हता. आणि तो ट्रस्ट वसतिगृहांना पैसा देतच नव्हता, तो आरोग्याच्या कामाला देत होता. ते मी आधी पाहिलेच नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की ट्रस्टची माहिती काढा. प्रत्येक कौटुंबिक ट्रस्टचे विषय ठरलेले असतात: कुणाचे शिक्षण, कुणाचे पाणी, कुणाची शेती. जिल्हेही ठरलेले असतात. मागील वर्षी कोणत्या संस्थांना पैसा दिला हे त्यांच्या वार्षिक अहवालात असते. तो मिळवा आणि वाचा. ज्या विषयाला ते पैसा देत नाहीत तो विषय घेऊन जाणे म्हणजे एसटीच्या खिडकीवर रेल्वेचे तिकीट मागण्यासारखे आहे. एक माणूस आपल्या उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी मदत मागतो तो अर्ज वेगळा आणि संस्थेचा प्रस्ताव वेगळा. दोन्हींचे नियम व मुदती निराळ्या असतात. परदेशी शिक्षणासाठी टाटा एन्डॉवमेंट जे देते ते कर्जाऊ असते, परत करायचे असते, हेही आधी समजून घ्या.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. इथे आपल्या संस्था सर्वाधिक मार खातात. संस्था नोंदलेली असते, बाबासाहेबांच्या किंवा माता रमाईच्या नावाने असते, पण कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा फेरफार अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो दिलेलाच नसतो. किंवा दोन गटांनी दोन चेंज रिपोर्ट दिलेले असतात आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालू असते. शेड्यूल वनच्या उताऱ्यावर मयत झालेल्या विश्वस्तांची नावे तशीच असतात. विहाराची जागा एखाद्या कार्यकर्त्याच्या वडिलांच्या नावावर असते. लेखापरीक्षण तीन वर्षे झालेले नसते. अशा संस्थेला कुठलाही ट्रस्ट पैसा देणार नाही आणि त्यात जातीयवाद नाही. दोन गटांच्या भांडणात मुलींचे वसतिगृह अडकते, याची लाज आपल्यालाच वाटली पाहिजे.

धर्मादाय नोंदणी, पॅन, संस्थेच्या नावाचे बँक खाते, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, हे तयार ठेवा. आयकर खात्याकडील धर्मादाय संस्थेची नोंदणी आणि देणगीदाराला सवलत देणारी नोंदणी, ज्यांना लोक बारा-अ आणि ऐंशी-जी म्हणून ओळखतात, या दोन्ही घ्या. २०२१ पासून या नोंदण्या मुदतीच्या झाल्या आहेत, एकदा घेतली की कायमची असे राहिलेले नाही. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांकही काढून ठेवा.

येथे एक फरक समजून घ्यावा. कौटुंबिक ट्रस्टचा पैसा आणि कंपनीचा सीएसआर निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता (नेटवर्थ), १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक अट लागू पडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. तो निधी घ्यायचा तर संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. परदेशातून पैसा घ्यायचा तर एफसीआरएची परवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते नियम फारच कडक झाले आहेत. देशातील ट्रस्टचा देशी पैसा घ्यायला एफसीआरए लागत नाही. अनेक कार्यकर्ते विनाकारण घाबरून मागे राहतात म्हणून हे लिहावे लागते.

तिसरी गोष्ट अर्जाची. आधी दोन पानांचे टिपण पाठवा. पूर्ण प्रस्ताव त्यांनी मागितल्यावर. त्या दोन पानांत पाच प्रश्नांची उत्तरे असावीत. प्रश्न काय आहे? तो किती लोकांचा आहे? आम्ही आजवर काय केले? आता काय करणार? त्याला खर्च किती आणि त्यात आमचा वाटा किती? आकडे वस्तीत फिरून स्वतः मोजा. "अनेक विद्यार्थी" असे लिहू नका. एकशे चाळीस घरे, दहावी-बारावीची बासष्ट मुले, बसायला जागा वीस जणांची, असे जे असेल ते लिहा. जयंतीच्या वर्गणीतून अभ्यासिकेला दिलेले दहा हजारही तुमच्या वाट्यात दाखवा. गरीब समाजाने स्वतःचा घातलेला रुपया हाच सगळ्यात मोठा दाखला असतो.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या मुलाचे मानधन अंदाजपत्रकात स्पष्ट लिहा. आपले कार्यकर्ते संकोचतात आणि मानधन लिहीतच नाहीत. मग पैसा पुस्तकांना मिळतो, कपाटांना मिळतो आणि कुलूप उघडायला माणूस नसतो. घर चालवून काम करणाऱ्याला मेहनताना मिळालाच पाहिजे.

मंजुरी मिळाली तर रक्कम एकदम मिळत नाही, हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही. ज्या कामाला पैसा मिळाला त्याच कामावर तो खर्च करायचा. संगणकाच्या पैशातून जयंतीचा मंडप घातला तर ती अफरातफर ठरते, मग मंडप कितीही मोठ्या कारणासाठी असो. आणि नकार आला तर कारण विचारा. नम्रपणे, पण लेखी विचारा. पुढील वर्षी त्याच दारात दुरुस्त अर्ज घेऊन जा.

कोणत्या अटी मान्य करू नयेत?

आता सर्वात महत्त्वाचे. काही अटी रास्त असतात: हिशेब द्या, अहवाल द्या, पाहणीला येऊ द्या. त्या पाळा, त्यात कमीपणा नाही. काही अटी मात्र बाहेरून साध्या दिसतात आणि आतून चळवळ पोखरतात.

एक, जात हा शब्द वगळा असे सुचवले जाते. "वंचित मुले" लिहा, "दुर्बल घटक" लिहा. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. जातीमुळे खोली भाड्याने न मिळालेली मुलगी केवळ गरीब नसते. अर्जात जात लिहा, आकड्यांसह लिहा. दोन, संस्थेचे किंवा विहाराचे नाव बदलून देणगीदाराचे नाव लावा. भिंतीवर आभाराची पाटी लावायला हरकत नाही, पण दारावरचे नाव बाबासाहेबांचेच राहील. तीन, कार्यकारिणीत आमची माणसे घ्या. सल्ला द्यायला या म्हणावे, मत मात्र वस्तीचे राहील. चार, मोर्च्यात जाऊ नका, अत्याचाराच्या प्रकरणात बोलू नका. अशी अट ज्या दिवशी येईल त्या दिवशी धनादेश परत करावा.

यासाठी एक शिस्त लागते. संस्था वेगळी आणि आंदोलन वेगळे ठेवा. धर्मादाय संस्थेच्या पैशातून राजकारण करता येत नाही, तसा कायदाच आहे. म्हणून आंदोलनाचे पावतीपुस्तक वेगळे, ते फक्त समाजाच्या वर्गणीवर चालेल. मोर्च्याचा खर्च, खटल्याचा खर्च, वर्तमानपत्राचा खर्च आपल्या घामाचा असला पाहिजे. 'समाजाचे ऋण फेडा' हा बामसेफने १९७८ पासून सांगितलेला विचार इथे लागू पडतो. अभ्यासिका, वसतिगृह, दवाखाना, ग्रंथालय यांना मात्र कुणाचाही स्वच्छ पैसा चालेल. ज्या कार्यकर्त्यांना भीती वाटते की देणग्या घेतल्या की चळवळीची एनजीओ होते, त्यांची भीती खोटी नाही. तशी अनेक उदाहरणे आपण पाहिली. कालचा पँथर आज अहवाल लिहीत बसला आहे. पण त्याचे कारण देणगी घेतली हे नव्हते. आंदोलनाचा चुलासुद्धा देणगीवर पेटवला, हे होते.

आपला स्वतःचा निधी

शेवटी एक गोष्ट. नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या विहारात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्खूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण दिले, पण हातात दिले नाहीत. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा एक टक्का व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्का व्याजाने ठेवले. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून भिक्खूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या. हा ठराव निगमसभेत जाहीर करून नोंदवलाही गेला. त्याला अक्षयनीवी म्हणत. ज्याला आज इंग्रजी शिकलेले लोक एन्डॉवमेंट म्हणतात ती आपल्या धम्माच्या लेण्यांत कोरलेली आहे. कार्ले, जुन्नर, कान्हेरीच्या भिंतींवर तर राजांबरोबर साध्या कारागिरांच्या, व्यापाऱ्यांच्या, भिक्खुणींच्या दानाचीही नावे आहेत.

मग आज आपल्या विहाराची अक्षयनीवी का असू नये? जयंतीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा दर वर्षी मुदतठेवीत टाकायचा आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, एवढा एक ठराव सर्वसाधारण सभेत करा. नोकरीतल्या बांधवांनी निवृत्तीच्या वेळी त्यात भर घालावी. दहा वर्षांत अभ्यासिकेचे वीजबिल त्या व्याजातून भरले जाईल. ज्या संस्थेचे वीजबिल स्वतःच्या पैशातून भरले जाते, तिला ट्रस्टच्या प्रतिनिधीसमोर "ही अट आम्हाला मान्य नाही" असे म्हणता येते. ज्या संस्थेचे दिवेच देणगीवर जळतात तिला ते म्हणता येत नाही.

म्हणून बैठकीतल्या त्या तिघांनाही सांगणे आहे. अर्ज करा म्हणणाऱ्याने आधी चेंज रिपोर्ट कुठे अडकला आहे ते पाहावे. स्वाभिमानाची आठवण देणाऱ्याने अटींचा मसुदा स्वतः वाचावा, कारण त्याच्यासारख्या माणसाची तिथेच गरज आहे. आणि "आपल्याला कोण विचारतो" म्हणणाऱ्याने वहीपेन घेऊन वस्तीत जावे व मुलांची मोजणी करावी. येत्या रविवारी विहारात बैठक आहेच. या वेळी चहाच्या आधी ठराव लिहून काढा.

जयभीम!